प्रश्नाच्या पोटातला प्रश्न
इनाम कमिशनपासून हरसूलच्या वनहक्क यादीपर्यंत : एका रेंगाळलेल्या शोधाचा मागोवा

नाशिकहून गिरणारे मागे टाकून वाघेऱ्याचा घाट ओलांडला की हरसूलचा मुलूख लागतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यातले हे बाजाराचे गाव. बाजाराच्या दिवशी आसपासच्या पाड्यांवरून कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर कुटुंबे इथे येतात. कोणी नागली-वरई विकायला, कोणी तेल-मीठ-मिरची घ्यायला. या गर्दीत असा एखादा तरी माणूस हटकून भेटतो, ज्याच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, घडीवर विरलेला कागद असतो. ती वनहक्काच्या दाव्याची पोच. खरेदी आटोपली की तो कागद पुढे होतो आणि प्रश्न येतो, "भाऊ, माझ्या दाव्याचं काय झालं?"

काही वर्षांपूर्वी या पट्ट्यातल्या दाव्यांची एक यादी संगणकावर लावण्याच्या कामाला मी हातभार लावत होतो. यादी सरकारी नव्हती. दावेदारांच्या पोचपावत्या आणि त्यांच्याकडच्या पुराव्यांच्या झेरॉक्स प्रती पाहून, त्यांना मदत करता यावी म्हणून केलेली ती खासगी नोंद होती. त्या यादीला एक विशिष्ट प्रश्न विचारला की यंत्र गप्प बसे. चहा येई, पिऊन होई, तरी पडद्यावर उत्तर नसे. प्रश्न इतका का रेंगाळतो हे शोधता शोधता मी जुन्या दफ्तरांपर्यंत मागे गेलो. पुढे तो प्रश्न झटपट चालू लागला. पण वेगाबरोबर एक चूकही आली. चूक माझी होती, तरी मी तिचा पहिला धनी नव्हतो. तिला चाळीस वर्षांचा छापील इतिहास आहे. त्या इतिहासाची, आणि त्याआधीच्या जुन्या इतिहासाची, ही हकिकत.

अटीत अडकलेली अट

आधी प्रश्न काय होता ते सांगितले पाहिजे. वनहक्क कायदा २००६ चा; तो अमलात आला ३१ डिसेंबर २००७ रोजी आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. अनुसूचित जमातीच्या माणसाला वनजमिनीवर वैयक्तिक हक्क मिळायचा तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन त्याच्या ताब्यात असली पाहिजे, तो ती प्रत्यक्ष कसत असला पाहिजे, आणि क्षेत्र ४ हेक्टरच्या आत असले पाहिजे. अनुसूचित जमातीबाहेरच्या पारंपरिक वननिवाशांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो.

पुराव्यांची यादी नियम १३ मध्ये दिली आहे. गॅझेटियर, जनगणना, मोजणी अहवाल, नकाशे, वनखात्याचे दस्तऐवज, शिधापत्रिका, घरपट्टीच्या पावत्या, जमिनीवरचे बांध आणि सपाटीकरण यांसारख्या खुणा, वंशावळ, आणि दावेदाराखेरीज दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब. यांपैकी एकापेक्षा अधिक पुरावे विचारात घ्यावेत, असे तोच नियम सांगतो. एकेकाळी वनखात्याने केलेल्या दंडाची पावती हा इथला फार मोलाचा पुरावा आहे. अतिक्रमण केले म्हणून बापाला दंड झाला, आणि तीच पावती आज मुलगा 'माझा बाप तेव्हा इथे कसत होता' हे सांगण्यासाठी जपून ठेवतो. तलाठ्याच्या दफ्तरातला गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, अशाच रीतीने उलट्या बाजूने उपयोगी पडतो.

म्हणून आमच्या यादीला आम्ही विचारत होतो : "हरसूल परिसरातले असे दावेदार दाखव, ज्यांचा दावा प्रलंबित आहे आणि ज्यांच्या पुराव्यांची संख्या दोनपेक्षा कमी आहे." ही नावे हाती आली की त्या घरी जायचे, म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून घ्यायचा, बांधाचा पंचनामा करून घ्यायचा, आणि सुनावणीपूर्वी दुसरा पुरावा जोडायचा. म्हातारी माणसे थांबत नाहीत. त्यामुळे यादी आज मिळणे आणि पुढच्या पावसाळ्यानंतर मिळणे यात फरक होता.

हा प्रश्न दिसायला एक आहे, पण त्याच्या पोटात दुसरा आहे. 'याच्या पुराव्यांची संख्या किती?' हा आतला प्रश्न प्रत्येक दावेदारासाठी वेगळा विचारावा लागतो. आतल्या प्रश्नाचे उत्तर आले की मगच बाहेरच्या प्रश्नाला ती ओळ ठेवायची की वगळायची हे ठरवता येते.

दफ्तराला विचारलेले जुने प्रश्न

असा पोटात प्रश्न असलेला प्रश्न महाराष्ट्राच्या दफ्तरांना नवा नाही. १८५२ च्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला अधिकार मिळाले. इनामदाराने जमीन सोडायची की राखायची, हे ठरवताना कमिशन विचारी : सनद आहे का? ती देणाऱ्याला अशी सनद देण्याचा अधिकार होता का? तेव्हापासून भोगवटा सलग चालला आहे का? यातला प्रत्येक प्रश्न पुढच्या प्रश्नावर अवलंबून. सनद सापडली तरी देणाऱ्याचा अधिकार शोधायला दुसरा रुमाल सोडायचा, आणि भोगवटा पाहायला वर्षावर्षाचे हिशेब. पेशव्यांचे दफ्तर कमिशनच्या ताब्यात गेले ते याच कामासाठी. दक्षिण महाराष्ट्रात या चौकशीने किती असंतोष पेरला, हे १८५७ च्या इतिहासात नमूद आहे. कागद दाखवता न आलेल्याची जमीन धोक्यात येई. मग तो कागद कधी नव्हताच की शोधणाऱ्याला मिळाला नाही, हा भेद फार थोड्यांच्या वाट्याला आला.

तेच दफ्तर पुढे पुण्यात सरकारी इमारतीत राहिले, आणि गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. हजारो रुमालांतून हवा तो कागद काढायचा तर आधी रुमालांची जात ओळखावी लागते. सरदेसाईंनी १९३३ मध्ये या दफ्तराची मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली ती त्यासाठीच.

आपल्या जुन्या हिशेबी माणसांना हे मर्म ठाऊक होते. दिवसाच्या क्रमाने लिहिली जाते ती रोजकीर्द. तीच नोंद खात्याच्या क्रमाने पुन्हा मांडली की खतावणी. रोजकीर्दीला विचारावे, "अमुक दिवशी काय घडले?" खतावणीला विचारावे, "अमुक माणसाचे किती?" दुसरा प्रश्न रोजकीर्दीला विचारला तर उत्तर मिळते, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवून. महसुली दफ्तरातही हीच जोडी आहे. १९०३ च्या कायद्याने इलाख्यात हक्कनोंदणी आली. गाव नमुना सात जमिनीच्या गट-क्रमाने चालतो, आणि नमुना आठ-अ त्याच जमिनी खातेदाराच्या क्रमाने सांगतो. एकच माहिती दोनदा लिहिण्याचा हा खटाटोप कोणी हौसेने केलेला नाही. दोन वेगळ्या प्रश्नांसाठी ते दोन दरवाजे आहेत.

हरसूलबद्दल दफ्तराने काय लिहून ठेवले? हा भाग पेठ संस्थानातला. १८७८ मध्ये बेगमेच्या मृत्यूनंतर संस्थान इंग्रजी राज्यात विलीन झाले. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये १८५७ च्या उठावात हरसूलचा बाजार लुटला गेल्याचे वृत्त आहे. लूट झाली ती नोंदली गेली. त्याच वर्षी डोंगरउतारावर कोणी राब भाजून नागली पेरली, हे लिहून ठेवायला मात्र कोणी बसले नव्हते. पुढे जंगल राखीव झाले तेव्हा शेत करणारा दफ्तरात आला तो अतिक्रमण करणारा म्हणून. हे ध्यानात ठेवले की या मुलखात 'पुरावा नाही' या दोन शब्दांचे वजन कळते.

सीक्वेल आणि तिची मेख

आता यंत्राकडे वळू. आज सरकारी सातबारा असो, बँक असो की आमची छोटी यादी, बहुतेक ठिकाणी माहिती तक्त्यांत ठेवतात आणि तिला एसक्यूएल नावाच्या भाषेत प्रश्न विचारतात. या प्रश्नाला क्वेरी म्हणतात आणि पोटातल्या प्रश्नाला सबक्वेरी. तक्त्यांच्या या मांडणीची कल्पना एडगर कॉड या आयबीएममधील इंग्रज गणितज्ञाने जून १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडली. कॉडचे म्हणणे थोडक्यात असे : काय हवे ते माणसाने सांगावे, कसे शोधायचे ते यंत्राने ठरवावे.

१९७४ मध्ये आयबीएममध्येच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी भाषा रचली. तिचे नाव 'सीक्वेल'. हे नाव दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाशी अडल्यामुळे पुढे ते एसक्यूएल झाले. गणिती खुणा न शिकलेल्या माणसालाही प्रश्न विचारता यावा, हा दोघांचा हेतू होता. प्रश्नात प्रश्न बसवण्याची सोय या भाषेत पहिल्यापासून होती. तिच्या 'रचनाबद्ध' या बिरुदाचे एक कारणही ती सोयच. माणूस बोलतो तसेच हे आहे : "ज्यांच्या पुराव्यांची संख्या दोनपेक्षा कमी आहे असे दावेदार."

मेख इथेच होती. बोलायला सोपे वाक्य शोधायला सोपे असेलच असे नाही. आयबीएमच्या 'सिस्टम आर' या प्रायोगिक यंत्रणेवर पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. यंत्राने शोधाची वाट कशी निवडावी, हा त्याचा विषय. त्यात सबक्वेरीचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. आतल्या प्रश्नाचा बाहेरच्या ओळीशी संबंध नसेल तर तो एकदाच सोडवून उत्तर हाताशी ठेवावे. पण आतला प्रश्न बाहेरच्या ओळीतल्या एखाद्या मूल्यावर अवलंबून असेल, तर तो प्रत्येक ओळीसाठी पुन्हा सोडवावा लागतो. अशा प्रश्नाला आज सहसंबंधित सबक्वेरी म्हणतात. आमचा प्रश्न नेमका याच जातीचा.

हिशेब करून पाहू. समजा दावेदार १०,००० आहेत आणि पुराव्यांच्या ओळी ४०,०००. प्रत्येक दावेदारासाठी पुराव्यांचा तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचा तर ४० कोटी ओळी पाहाव्या लागतील. पुरावे दाव्याच्या क्रमांकानुसार लावलेले असतील, तर मधले पान उघडून 'अलीकडे की पलीकडे' असे विचारत १६ पायऱ्यांत हवी ती जागा सापडते. दहा हजार दावेदारांचे मिळून काम १ लाख ६० हजार पायऱ्यांवर येते. अशा क्रमवार सूचीला इंडेक्स म्हणतात. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी १९७२ मध्ये छापलेल्या निबंधातली बी-ट्री नावाची रचना आजही बहुतेक इंडेक्सांच्या मुळाशी आहे. तिसरी वाट याहून साधी : आधी पुराव्यांचा तक्ता एकदाच वाचून 'दावा क्रमांक आणि संख्या' अशी छोटी खतावणी करायची, आणि मग ती दावेदारांच्या यादीला जोडायची. ४० हजार ओळी एकदा, १० हजार ओळी एकदा. काम संपले.

हळू चालणाऱ्या प्रश्नाची नाडी

दुखणे कुठे आहे ते अंदाजाने ठरवू नये. बहुतेक डेटाबेसांना 'एक्स्प्लेन' अशी आज्ञा देता येते. मग यंत्र आपण कोणत्या वाटेने शोधणार आहोत ते सांगते : कुठला तक्ता पूर्ण वाचणार, कुठे इंडेक्स वापरणार, कोणते काम किती वेळा करणार. आमच्या यादीत पुराव्यांच्या तक्त्यावर दावा क्रमांकाचा इंडेक्सच नव्हता. यंत्र प्रत्येक दावेदारासाठी सगळा तक्ता वाचत होते. चहा पिऊन होई तो त्यामुळे.

दुसरे दुखणे अनेक अटींचे. इंडेक्स तालुका, गाव, आडनाव या क्रमाने असेल आणि प्रश्नात फक्त आडनाव असेल, तर तो इंडेक्स जवळजवळ निरुपयोगी. गावनिहाय लावलेल्या मतदारयादीत फक्त 'भोये' शोधायला बसलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. शिवाय कोणती अट किती ओळी गाळते तेही पाहावे लागते. 'अनुसूचित जमातीचा दावेदार' ही अट नाशिक शहराच्या यादीत बरेच काही गाळील. हरसूलच्या यादीत ती जवळपास काहीच गाळत नाही. तिच्यावर इंडेक्स करून फायदा नाही.

तिसरे दुखणे तारखेचे. आम्ही एके ठिकाणी तारखेतून वर्ष वेगळे काढून '२००५ किंवा त्याआधी' अशी अट घातली होती. प्रत्येक ओळीतली तारीख उचलून तिच्यातून वर्ष काढायचे म्हटल्यावर तारखेचा इंडेक्स कामाला येत नाही. आणि प्रश्न नुसता हळू नव्हता, चुकीचाही होता. कारण कायद्याची मर्यादा १३ डिसेंबरची, वर्षअखेरीची नव्हे. 'तारीख १३ डिसेंबर २००५ पूर्वीची' अशी सरळ अट घातल्यावर उत्तर बरोबरही आले आणि लवकरही.

चौथे दुखणे यंत्राच्या अंदाजाचे. किती ओळी उरतील याचा अंदाज बांधून यंत्र वाट निवडते. १९७९ च्या त्या निबंधात यासाठी ठोकताळे दिले आहेत. काहीच माहिती नसेल तर 'अमुक बरोबर अमुक' अशा अटीला दहातली एक ओळ उरेल असे धरावे; दोन अटी 'आणि'ने जोडल्या असतील तर दोन्ही अंदाजांचा गुणाकार करावा. गुणाकार योग्य ठरतो तो दोन अटींचा एकमेकींशी संबंध नसेल तेव्हा. पण 'तालुका त्र्यंबकेश्वर आणि गाव हरसूल' असे म्हटले तर गावातच तालुका आला. यंत्र दोनदा गाळते, फार थोड्या ओळी उरतील असे समजते, आणि थोड्या ओळींसाठी सोयीची असलेली वाट खूप ओळींसाठी धरून बसते. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये असे परस्परसंबंध यंत्राला सांगण्याची सोय २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत आली.

काही वेळा दोष प्रश्नात नसून यंत्रणेच्या सवयीत असतो. मायएसक्यूएल हा आपल्याकडे फार वापरला जाणारा डेटाबेस. त्याच्या ५.६ या आवृत्तीपूर्वी 'या यादीत असलेले' अशा सरळ स्वतंत्र सबक्वेरीचेही यंत्र आतून सहसंबंधित रूप करी, आणि एकदा विचारायचा प्रश्न ओळीगणिक विचारी. २०१३ मध्ये ती आवृत्ती वापरात आली तेव्हा कित्येकांचे रेंगाळलेले प्रश्न एक अक्षर न बदलता मार्गी लागले.

या शोधात महाराष्ट्राचाही वाटा आहे. १९७९ च्या निबंधात एक सूचना होती : बाहेरच्या ओळी विशिष्ट क्रमाने आल्या आणि तेच मूल्य पुन्हा आले, तर आतला प्रश्न पुन्हा सोडवू नये, मागचेच उत्तर वापरावे. क्रमाचा फायदा घेण्याची ही कल्पना पवईच्या आयआयटीत रवींद्र गुरवन्नवर, रामानुजम एच. एस. आणि एस. सुदर्शन यांनी पुढे नेली. बाहेरून येणारी मूल्ये क्रमवार असतील तर आतला शोध दरवेळी पहिल्या पानापासून सुरू न करता मागे थांबला तिथूनच पुढे नेता येतो, हे त्यांनी २००५ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडले. रोजकीर्दीवरून खतावणी घालणारा कारकून दोन्ही बाडे एकाच क्रमाने लावून दोन बोटे बरोबर चालवतो, तीच ही रीत.

शून्य गळाले

आता माझी चूक. आतला प्रश्न ओळीगणिक विचारण्यापेक्षा पुराव्यांची खतावणी एकदाच करून ती दावेदारांना जोडावी, हे मला पटले होते. मी तसेच केले. उत्तर डोळ्याची पापणी लवण्याआधी आले. नावे होती, गावे होती, प्रत्येकापुढे पुराव्यांची संख्या १. आम्ही यादी छापली आणि पाडे वाटून घेतले.

दोन दिवसांनी एक आजी बसथांब्यावर भेटली. तिच्या मुलाची पोच मी स्वतः नोंदवली होती आणि तिच्याकडे एकही पुरावा नव्हता, हेही मला आठवत होते. छापील यादीत तिच्या मुलाचे नाव नव्हते. परत येऊन पाहिले तर यादीत शून्य पुरावे असलेला एकही माणूस नव्हता. ज्याचा एक कागद आहे तो सापडला. ज्याच्याकडे काहीच नाही तो यादीतून नाहीसा झाला.

कारण साधे होते. पुराव्यांच्या तक्त्यावरून खतावणी केली, तर ज्याचा पुरावाच नाही त्याचे त्या तक्त्यात नाव कुठून येणार? त्याच्या नावापुढे शून्य पडत नाही. त्याच्यासाठी ओळच तयार होत नाही. दोन तक्ते जोडताना दोन्हीकडे असलेलाच टिकतो. जुना, रेंगाळणारा प्रश्न प्रत्येक दावेदारापाशी थांबून 'तुझे किती?' असे विचारत होता, म्हणून त्याला 'शून्य' हे उत्तर ऐकू येत होते. नवा प्रश्न कोणापाशी थांबलाच नाही.

मग वाचताना कळले की या चुकीला नाव आहे आणि जन्मसालही. १९८२ मध्ये वॉन किम यांनी पोटातले प्रश्न मोडून त्यांचे जोडणीत रूपांतर करण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या. आजच्या वेगाचा पाया घालणारा तो निबंध आहे. त्यातल्या एका पद्धतीत, आतला प्रश्न मोजणीचा असेल तर शून्य मोजणीच्या ओळी गळतात, हे वर्नर किसलिंग यांनी १९८५ पर्यंत दाखवून दिले. शास्त्रात याला 'काउंट बग' म्हणतात. रिचर्ड गान्स्की आणि हॅरी वाँग यांनी १९८७ मध्ये उपाय सांगितला : साधी जोडणी न करता 'आउटर जॉइन' करावा, म्हणजे दुसऱ्या तक्त्यात कोणी जोडीदार न मिळालेली ओळही राखावी आणि तिच्यापुढे शून्य मांडावे. सुटे भाग आणि त्यांचे पुरवठे यांच्या उदाहरणांवर चाललेली ती चर्चा. तिथे गळत होता तो पुरवठा न झालेला सुटा भाग. हरसूलच्या यादीत गळाला तो जमीन कसणारा माणूस.

मी जोडणी बदलली. उत्तर तेवढ्याच वेळात आले, आणि यादी लांबली.

याच कामात दुसरा सापळाही समोर आला. 'ज्यांचा दावा क्रमांक निकालांच्या यादीत नाही असे दावेदार' असा प्रश्न एकाने 'नॉट इन' वापरून विचारला. उत्तर आले : कोणीच नाही. म्हणजे एकही दावा प्रलंबित नाही! निकालांच्या तक्त्यात एका ओळीत दावा क्रमांकाची जागा रिकामी राहिली होती. रिकामी जागा म्हणजे एसक्यूएलच्या लेखी 'माहीत नाही'. हा दावेदार त्या रिकाम्या जागेतला नाही, असे यंत्र खात्रीने म्हणू शकत नाही. म्हणून ते कोणाच्याही बाबतीत 'यादीत नाही' असे म्हणत नाही. एका कारकुनी रिकाम्या चौकटीने सगळ्या गावाचे प्रलंबित दावे पुसून टाकले. 'अशी नोंद अस्तित्वात नाही' अशा अर्थाच्या 'नॉट एक्झिस्ट्स'ने विचारल्यावर नावे परत आली.

यादीचे परिणाम

यादीतली ओळ गळणे ही तांत्रिक किरकोळ बाब वाटेल. तिचे परिणाम किती दूर जातात ते २०१९ मध्ये देशाने पाहिले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, राज्यांनी सादर केलेल्या आकड्यांच्या आधारे, दावे अंतिमतः फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने तो स्थगित करून राज्यांना विचारले की दावे फेटाळताना कोणती प्रक्रिया पाळली ते सांगा. म्हणजे पुन्हा प्रश्नाच्या पोटात प्रश्न : किती फेटाळले, एवढे पुरेसे नाही, फेटाळण्यापूर्वी पुरावा मागितला होता का, नोटीस पोचली होती का, हे प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारायचे. त्याच्या आदल्या वर्षी, ६ मार्च २०१८ रोजी, नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा पायी चालत १२ मार्चला मुंबईत आझाद मैदानावर पोचला होता. त्यांच्या मागण्यांत वनहक्क कायद्याची अंमलबजावणी ही प्रमुख मागणी होती. त्या रांगेत हरसूल-पेठ-सुरगाण्याकडची माणसे होती, आणि त्यांच्यापैकी अनेकांजवळ तशाच प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या.

इनाम कमिशनच्या काळात शोध रेंगाळे, कारण रुमाल सोडणारे हात थोडे होते. आज रेंगाळतो तो बहुधा प्रश्नाच्या बांधणीमुळे, आणि ते दुरुस्त करता येते : यंत्र कोणत्या वाटेने जाते ते पाहावे, योग्य क्रमाची सूची करावी, आतला प्रश्न शक्यतो एकदाच विचारावा. मात्र वेग आल्यावर दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून ओळी मोजायला हव्यात. हळू प्रश्नाने दिलेली यादी आणि वेगवान प्रश्नाने दिलेली यादी सारख्या लांबीच्या नसतील, तर कोण गळाले ते नावानिशी शोधावे. वनहक्काच्या नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने उपग्रह-चित्रांबद्दल हेच तत्त्व घातले आहे : तंत्रज्ञानाने इतर पुराव्यांना जोड द्यावी, त्यांची जागा घेऊ नये.

आमची यादी त्यानंतर आम्ही पुराव्यांच्या चढत्या क्रमाने छापू लागलो. शून्यवाले सगळ्यांत वर. त्या आजीच्या मुलाचे नाव पहिल्या पानावर आले. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांच्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्याला आम्ही गाठले. मुलाचा बाप कोणत्या साली उतारावर बांध घालत होता, हे त्याला साल म्हणून सांगता आले नाही. पण तो दुष्काळ कोणता, आणि त्या वर्षी मोठ्या मुलीचे लग्न कोणत्या गावी झाले, हे त्याने सांगितले. ते लिहून घेतले, वाचून दाखवले, आणि त्याने अंगठा उमटवला. परत येऊन त्या नावापुढचे शून्य खोडून मी तिथे एक लिहिला. दुसरा पुरावा अजून शोधायचा होता.